खोकी टाकून होईपर्यंत

३ डिसेंबर

कोल्हापूरला चिरे उतरवून सिमेंट भरून परत. साखरप्यावरून सरळ रत्नागिरीला यायचं सोडून देवरुखमार्गे संगमेश्वरला गेलो. शेठना फोनवर सांगितलं, मागचा टायर जरा बघून घेतो. टायरला काहीही झालेलं नाही. सतरा वर्षांत शेठशी पहिलं खोटं बोललो, तेही त्यांच्याच डिझेलवर.

तिथल्या घागकाकांची गाडी पाहिली. सहा चाकी, नऊ वर्षं जुनी. काका सोडून कुणाचा हात स्टेअरिंगला लागलेला नाही. आता त्यांना समोरून दिवे आले की नुसता उजेड पसरतो, रस्ता दिसत नाही. म्हणून विकायची. पण जो स्वतः चालवेल त्यालाच, म्हणाले.

हौद्याच्या फळ्यांना नाक लावून बघायला सांगितलं. लावलं. गवताचा वास, थोडा आंब्याच्या चिकाचा. मासळी एकदाही चढलेली नाही. बर्फाचं पाणी फळीत मुरलं की संपलं, मग कितीही धुवा, कुणी बागायतदार त्या गाडीत आंबा भरू देत नाही. शेठना बरं आहे, पाच गाड्या. मासळीची वेगळी, आंब्याची वेगळी. आपली एकच असणार. आंबा फार तर अडीच महिने. पुढे काय वाहायचं? पावसात तर चिऱ्याच्या खाणीही बंद.

यापुढे डायरीत गाडीचा विचार 'गा.वि.' असाच लिहायचा. ही कुणाच्या हाती लागली तर नको.

५ डिसेंबर

लोकल फेरी. गा.वि. दिवसभर.

सुजाताला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, कधी ना कधी हे निघणार माहीत होतं. बाबांना एवढ्यात सांगू नका. बरं म्हटलं. मग दोघांनी ठरवलं, कुणालाच सांगायचं नाही. तिच्या आईलासुद्धा नाही. शेठच्या कानावर दुसरीकडून गेलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

११ डिसेंबर

बीपी वाढलंय. डॉक्टरांनी विचारलं, काही टेन्शन? नाही म्हटलं. मीठ कमी करायला सांगितलं. मिठाने काय होणार.

१२ डिसेंबर

आंबा घाटात चढावर रेडिएटरचा पाइप फुटला. वेळ दुपारची, ऊन कडक. शेठना फोन केला. 'सावलीत बस, पाणी पी,' एवढंच म्हणाले. अडीच तासांत मेकॅनिक हजर, बरोबर दुसरी गाडी, वेळ पडली तर माल त्यात घालायला. डब्यात माझ्यासाठी पोळीभाजी. शेठच्या घरची.

कठड्यावर बसून पोळी खाल्ली. ही गाडी माझी असती तर मी कुणाला फोन केला असता? मलाच.

१९ डिसेंबर

घागकाकांचा फोन. घाई नाही म्हणाले. दोनदा म्हणाले, म्हणजे घाई आहे.

वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे 'आंब्याच्या आधी', दुसरीकडे 'गणपतीनंतर'. आधी घेतली तर पहिल्या महिन्यापासून चाक फिरेल. पण ऐन सीझनच्या तोंडावर शेठना सोडायचं. गणपतीनंतर घेतली तर शेठशी व्यवस्थित वागल्यासारखं होईल, पण काका तोवर थांबणार नाहीत आणि पुढचा आंबा पाच-सहा महिने लांब. दोन्ही रकाने सारखेच भरले. पान फाडलं.

खरं म्हणजे मला कुणीतरी 'नको' म्हणायला हवंय. नाहीतर 'घे' म्हणायला. कुणीही चालेल.

२७ डिसेंबर

बाबांना कळलंच. मी झोपेत बोललो म्हणे, 'काका, फळी बघू.' बाबा एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, अजून सकाळी सव्वापाचला उठून दाढी करतात. त्यांना वाटलं मी घर दुरुस्तीला काढतोय. मग सुजाताने सांगून टाकलं.

ओरडले नाहीत. चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली. म्हणाले, 'कौल लावू. रवळनाथ सांगेल ता करू.'

मी बरं म्हटलं. म्हणताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ज्याला कुणाला विचारायचं तो मिळाला.

४ जानेवारी

मोहोर यंदा बरा आहे. पावसच्या रस्त्याला दोन्हीकडे कलमं फुललीत. दर वर्षी बघून बरं वाटतं, यंदा नाही. मोहोर म्हणजे दिवस कमी राहिले.

१० जानेवारी

कौल लावला. जे झालं ते सगळं लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी आंघोळ करून बाबा आणि मी रवळनाथाच्या देवळात. गुरवाने विचारलं, देवाला काय सांगायचं? मी म्हटलं, गाडी घेऊ का. तो म्हणाला, देव उजवा-डावा देतो, उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नाही, लांबण लावत नाही, तेव्हा प्रश्न एकच आणि साफ हवा. घेऊ का, की आत्ता घेऊ का? पाच मिनिटं ठरेना. मागे मानकरी मंडळी बसलेली, खाकरायला लागली. शेवटी म्हटलं, आत्ता घेऊ का.

मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं हळू घालत नाहीत हे मला जन्मापासून माहीत आहे. दर शिमग्याला ऐकतो. तरी डोक्यात आलं नाही. त्याने खड्या आवाजात सुरू केलं:

'हे म्हाराजा, तुझ्या पायरीशी आज जो लेकरू हुबा हाय तो विलास, शेटची गाडी सोडून सवताची गाडी घेन म्हणतंय. आंब्याच्या आदीच घेन म्हणतंय. तर त्याला काय ता उजवा-डावा करून सांग म्हाराजा.'

सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा.'

त्या 'व्हय म्हाराजा'त एक आवाज ओळखीचा. मान वळवून बघितलं. खांबाला टेकून शेठचा मेहुणा. शेठची सासुरवाडी आमच्याच गावात, त्यामुळेच तर मला ही नोकरी लागली होती. मेहुणा मानकऱ्यांत बसतो हे मला ठाऊक नाही असं नाही. सव्वा महिना बायकोच्या आईपासून लपवलं, डायरीतही आडून लिहायचं ठरवलं, आणि देवाच्या नावाने शेठच्या मेहुण्याला ओरडून सांगितलं. गाढवपणाला सीमा असते.

आता कौलाचं. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. सगळे गप्प. लाइट गेलेली होती. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कळी हलेना. बाबांचे ओठ पुटपुटत होते. एवढ्यात लाइट आली, वरचा पंखा गरगरला आणि उजवी कळी पडली.

पंख्याचं बटण बंद करायचं गुरव विसरला होता.

गुरव म्हणाला, उजवा दिला. बाबा म्हणाले, पंख्याने दिला. गुरव म्हणाला, लाइट कुणाच्या हुकमाने आली? अर्धे मानकरी गुरवाकडून, अर्धे बाबांकडून. पुन्हा लावा म्हटलं तर एकाच गोष्टीला एका दिवसात दोनदा विचारत नाहीत. नारळ फोडला, प्रसाद वाटला. मेहुण्याने दोन तुकडे घेतले आणि माझ्याकडे बघून हसला.

११ जानेवारी

शेठ नेहमीसारखे. 'टायर बरे आहेत ना?' विचारलं. टायर का विचारला?

१२ जानेवारी

काही बोलले नाहीत.

१३ जानेवारी

नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. शेठच्या घरून दर वर्षीप्रमाणे तिळगुळाचा डबा. गोड बोला. ते तर बोलतच नाहीत, गोडही नाही आणि कडूही नाही. सुजाता म्हणते, कदाचित मेहुण्याने सांगितलं नसेल. त्या माणसाला मी ओळखतो.

सुजाता आज पहिल्यांदा चिडली. 'गाडी घ्या नाहीतर नका घेऊ, पण जेवताना ताटात बघा.' मी भात कालवून तसाच बसलो होतो म्हणे. मग थोड्या वेळाने स्वतःच बोलली. तिला गाडीची भीती नाही, हप्त्याचीही नाही, अंगणवाडीचा पगार आहे, मशीनवर ब्लाउज शिवते, दिवस निघतील. भीती एवढीच की इतकी वर्षं मागे कुणीतरी उभं होतं, आता मी घाटात एकटा असेन. मला तेच सांगायचं होतं, तिने आधी सांगितलं. मला रडू आलं आणि मी भांडी घासायला उठलो.

१९ जानेवारी

शेठ बोलले.

गाडी लावून किल्ली द्यायला ऑफिसात गेलो. दार लोटायला सांगितलं. मला वाटलं, काढून टाकणार. टाकलं असतं तर बरं झालं असतं, ठरवायचं तरी राहिलं नसतं. त्यांनी किल्ली हातात घेतली.

'देवाला सांगितलंस. मला नाही सांगितलंस.'

एवढं एकच वाक्य. मला कावीळ झाली होती तेव्हा दोन महिने हा माणूस माझी जागा रिकामी ठेवून दुसऱ्या ड्रायव्हरला 'तात्पुरता' म्हणत राहिला होता. त्याला मी टायर सांगितला.

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. फेब्रुवारीत आंब्याची रिकामी खोकी बागांतून टाकायला जातात, यंदाही मीच जायचं. आपल्याकडे ज्याची खोकी त्याचा माल. बागायतदाराच्या दारात खोकी कोण टाकतो ते तो लक्षात ठेवतो आणि आंबा उतरला की त्यालाच फोन करतो. तर शेवटची खोकी टाकून होतील त्या दिवशी मी हो की नाही ते सांगायचं. जाणार असेन तर त्यांना आंब्यासाठी दुसरा भरवशाचा माणूस बघायला हवा. राहणार असेन तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. या जन्मात.

मी विचारलं, तुमचं मत काय? म्हणाले, माझं मत विचारायचे दिवस गेले.

२२ जानेवारी

घागकाकांना खरं ते सांगितलं, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबा. मग कळलं, बंदरावरचा एक मासळीवाला मागे लागलाय. रोख द्यायला तयार. काका म्हणाले, 'विलास, मी तोंडावर नकार दिलाय त्याला. पण मुलगा म्हणतो, तुमच्या फळ्यांची पूजा करायची आहे का?'

त्या फळ्यांवर मासळीच्या टोपल्या चढलेल्या डोळ्यांपुढे आल्या आणि माझं माणूस कुणी पळवल्यासारखं झालं. अजून घेतलीही नाही.

२९ जानेवारी

बाबांना गाडी बघायची होती. कौल पंख्याने दिला म्हणणारा माणूस सकाळीच पॅन्ट-शर्ट घालून तयार. एसटीने संगमेश्वरला गेलो. कंडक्टर ओळखीचा निघाला, बाबांना पुढची सीट.

तिथे तासभर गाडीशीच. आधी खाली वाकून चासीला नखाने टोकरलं. मग केबिनमध्ये चढले, चढताना गुडघा धरला, मी हात दिला तो झटकला. चटई उचलून खालचा पत्रा बघितला. क्लच दाबून सोडला, चार-पाच वेळा. गाडी सुरू करायला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसले. घागकाका परीक्षेच्या निकालाला उभे राहावं तसे उभे.

परत येताना हातखंबा आल्यावर बोलले.

'गाडी बरी हाय. म्हणूनच सांगतंय, घेऊ नको. खराब असती तर सहा म्हयन्यात हात टेकून परत आला असतास, शेटने घेतला पण असता. ही गाडी तुला सोडणार न्हाय.'

मी म्हटलं, मग ते चांगलंच ना. बाबा घरी आल्यावर सुजाताला मात्र सांगत होते, इंजिन घड्याळासारखं हाय. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

५ फेब्रुवारी

खोकी टाकायला सुरुवात. आज सात बागा. प्रत्येक ठिकाणी चहा, मोहोराच्या आणि तुडतुड्याच्या गोष्टी, कुठे फवारणी कमी पडली, कुठे फळ वाटाण्याएवढं झालं. सगळे मलाच सांगतात. मी सतरा वर्षं समजत होतो, ही माणसं माझी आहेत. माझा नंबर यांच्या फोनमध्ये, लग्नाची पत्रिका मला, हळदीचं बोलावणं मला. आज प्रत्येक दारात खोकी उतरवताना वाचलं, प्रत्येक खोक्यावर शेठचं नाव छापलेलं. इतकी वर्षं मीच उतरवतोय आणि वाचलं आज.

८ फेब्रुवारी

पाच बागा. अंग मोडून गेलं. दोघांनी विचारलं, ऐकलं ते खरं का? मेहुण्याचं तोंड लांब पोचतं. एक जण म्हणाला, घे बिनधास्त, आम्ही आहोत. मी विचारलं, मग माझी खोकी घ्याल? तो हसला. खोकी तर आत्ता शेठची आलीत ना, म्हणाला. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी. म्हणजे पहिला सीझन उपाशी.

९ फेब्रुवारी

तर मग गणपतीनंतरच बरं? पण गाडी तोवर मासळीच्या वासाची झालेली असेल. बाजारात दुसऱ्या गाड्या आहेत, सुजाता म्हणते. आहेत. मला दुसरी नकोय. हे आजच कळलं आणि त्यानेच जास्त घाबरलो.

१२ फेब्रुवारी

बीपी पुन्हा वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, मीठ सोडलंत ना? सोडलंय. सगळं सोडलंय, एक ते सोडून.

सुजाताने विचारलं, तुम्ही आत्ता या क्षणी हो म्हणालात असं धरा, कसं वाटतं? भीती वाटते म्हटलं. आणि नाही म्हणालात असं धरा. बराच वेळ धरून बघितलं. तेव्हाही भीतीच वाटली, पण ती निराळी, जिना उतरताना शेवटची पायरी नसते तशी. ती म्हणाली, झालं तर मग, कुठल्या भीतीबरोबर राहायचं तेवढं ठरवा. सोपं करून सांगते आणि मशीनवर बसते.

१४ फेब्रुवारी

काका: मासळीवाला परवा संध्याकाळी पैसे घेऊन येतोय. तोवर तुझा फोन आला तर बरं, नाही आला तरी मला राग नाही. आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी

हे केबिनमध्ये बसून लिहितोय. गाडी शेठच्या आवारात लावली, हौदा रिकामा. खोकी संपली.

शेवटची बाग पूर्णगडच्या अलीकडची, लिमयेबाईंची. बाई शाळेत शिकवायच्या, यजमान गेल्यापासून बाग एकट्या बघतात. खोकी स्वतः मोजून घेतात, फुटकी फळी दिसली की बाजूला काढतात. आज एकच काढली. सरबत दिलं. मग दर वर्षी विचारतात तेच विचारलं, आंबा न्यायला तूच येणार ना? त्यांच्या कलमांचा आंबा नाजूक, खोकी आपटली की डाग पडतो, म्हणून त्यांना माणूस ओळखीचा लागतो. दर वर्षी त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणतो.

आज म्हटलं, 'गाडी वेळेवर येईल, बाई.'

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. 'गाडीचं नाही विचारलं मी.'

तेव्हा म्हटलं, मीच येईन. म्हणून मोकळा झालो. बाईंचं समाधान झालं, त्या आत गेल्या. आणि पूर्णगडहून इथपर्यंत सगळ्या रस्त्याला एकच चाललंय डोक्यात, की शब्द दिलाय. नोकरीत राहिलो तर तो आपोआप पाळला जातो. काकांची गाडी घेतली आणि तरी बाईंकडे गेलो तर शेठच्या खोक्यांतला माल मी माझ्या गाडीत भरायचा, म्हणजे चोरी. आणि नाही गेलो तर सतरा वर्षांत बाईंना पहिला खोटा शब्द. टायरनंतरचा दुसरा. तरीही 'मीच येईन' म्हणताना डोळ्यांपुढे शेठची गाडी नव्हती, काकांची होती. ते मला ठाऊक आहे, आणखी कुणाला नाही.

साडेपाच. फोन दोनदा वाजला, काका. उचलला नाही. शेठ ऑफिसच्या पायरीवर उभे आहेत, मला बघितलंय. मी किल्ली काढून हातात धरली आहे, उतरत नाही. किल्ली द्यायला रोज मीच जातो, ते टेबलापाशी बसून हात पुढे करतात.

शेठ पायरी उतरले. इकडे चालत येतायत.